गाऱ्हाण्यात राहिलेलं घर

१८ ऑगस्ट २०२५
रत्नागिरी

सदू,

पत्र फोडलंस हेच पुष्कळ. आता फाडायच्या आधी एक ओळ वाच. आईला जे झालं होतं, ते मला होतंय.

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. तो लिहायचा माझा हक्क उरलाय की नाही ते ठाऊक नाही, म्हणून जागा मोकळी सोडली. तुझ्या मनात आलं तर तूच भर.

घाबरू नको. अजून सगळी माणसं ओळखतो. दाढी माझी मी करतो. एकदा चहात साखर दोनदा पडली, पण ती सुनेने आधीच घातली होती असं म्हणून निभावून नेलं. मृणाली हसली. गुरुप्रसाद आखातात, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. सून म्हणून आली, पण माझं लेकीसारखं करते.

कळलं कसं ते सांगतो. चैत्रात दुकानात भाट्याच्या एका बागायतदाराची पंपाची मोटार नव्याने तार भरायला आली होती. वेढे कसे मोजतात ते तुला सांगायला नको. लहानपणी शेजारी बसून तू भलतेच आकडे मोठ्याने म्हणायचास आणि मला चुकवायला बघायचास. पन्नास वर्षांत माझा वेढा चुकला नाही. ही मोटार दोनदा परत आली. तिसऱ्या खेपेला उघडून बघितली, तर एका कॉइलीत बासष्ट वेढे, शेजारच्या कॉइलीत एकोणपन्नास. मी गिऱ्हाइकाला म्हणालो, तार खराब निघाली. तार चांगली होती.

त्याच सुमारास आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक डॉक्टरीणबाई आल्या. ज्यांच्या आईबापांना हा विसरण्याचा आजार होता त्यांच्यात तो आधीच, म्हणजे माणूस चांगला हिंडताफिरता असतानाच, ओळखता येतो का, याचा अभ्यास करतात. कोण तयार आहे विचारलं तर सगळे छताकडे बघायला लागले. मी हात वर केला. मागून कुणीतरी बोललाच, "भिकाजी, आत काय सापडलं तर आमाला पण दाखव हां!"

रक्त घेतलं. पाच शब्द सांगितले, दहा मिनिटांनी विचारले. घड्याळ काढायला लावलं. मग त्या ढोलासारख्या यंत्रात झोपवून डोक्याचे फोटो काढले. आतला आवाज म्हणजे पत्र्यावर कुणी हातोडा मारतंय असा. शेवटचा फोटो मुंबईला. शिरेतून औषध सोडतात, मग मेंदूत नको ते प्रथिन कुठे साचलंय ते रंगात दिसतं. जुलैत दोन दिवस मुंबईत होतो. तुझ्याकडे आलो नाही. ते असू दे.

माझ्या फोटोत रंग बराच होता. रक्तानेही तेच सांगितलं. आणि स्मरणाचा म्हणून जो भाग असतो तो वयाच्या मानाने आक्रसलाय. बाईंना मी आपल्या दुकानातल्या मेगरचं सांगितलं, तो हँडल फिरवायचा डबा. मोटार फिरत असते, पाणी चढवत असते, गिऱ्हाईक म्हणतं हिला काही झालेलं नाही. मेगर लावला की काटा सांगतो, आतलं वार्निश गेलं, ही कधीतरी जळणार. बाई हसल्या. म्हणाल्या, "काका, इतकं सोपं मला वर्गातसुद्धा सांगता येत नाही. फक्त आमचा काटा तारीख सांगत नाही."

मी म्हटलं, "आमचा पण नाय सांगत. पण आम्ही मोटार सोडवतो नि पुन्हा भरतो."



आता मुख्य गोष्ट. हा बिघाड बाहेर दिसायच्या आधी दहा-पंधरा वर्षं आत चाललेला असतो, असं त्या म्हणतात. आणि बावीस सालच्या शिमग्यात, पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसलेली असताना, माझ्या तोंडून देवीच्या गाऱ्हाण्यात घरांची नावं घेताना तुझं घर राहिलं. वाडीच्या एकवीस घरांतलं तेवढंच. तू नारळ धरून उभा होतास. पालखी उठली, तू नारळ चौथऱ्याच्या कडेला ठेवलास आणि बायकोला, गंगाला, घेऊन निघून गेलास. त्यानंतर आई गेली तेव्हा आलास ते स्मशानातूनच परत गेलास. माझ्या हातचं पाणी घेतलं नाहीस.

तेव्हा तूच काय ते समज. मी आणखी काय सांगू?

तू बासष्टचा झालास. आई तुझीही होती. तूही तपासून घे.

दादा


९ सप्टेंबर २०२५
रत्नागिरी

सदू,

तुझा फोन आला तेव्हा मी गणपतीची आरास काढून ठेवत होतो. मृणालीने फोन हातात दिला आणि स्वतः दारात उभी राहिली, तिलाही ऐकायचं होतं ना. साडेतीन वर्षांनी तुझा आवाज ऐकला. जाड झालाय. तंबाखू सोड.

तू रडलास. मी तुला रडताना शेवटचं कधी ऐकलं ते आठवत नाही. हे आजारामुळे नव्हे, तू रडायचासच कमी. "दादा, आजारी माणसावर मी राग धरला, मला माफ कर," असं तू म्हणालास. आणि मी काय म्हणालो? "असू दे रे." एवढंच म्हणालो. फोन ठेवल्यावर मृणालीने गूळखोबरं वाटलं. शेजारी जाऊन सांगून आली, काका शिमग्याला येणार. मी जेवायला बसलो, पण घास फिरत राहिला.

तुझं पाणंदीकडचं घर परवा उघडलं. कुलूप गंजलं होतं, तेल सोडून बघितलं, शेवटी कापलं. आत वाळवी फार नाही. वायरिंग मात्र उंदरांनी खाल्लीय, ती मी नवीन ओढतोय. मृणाली शिडी धरते. "बाबा, स्विच बंद केलाय ना?" असं दर पाच मिनिटांनी विचारते. पूर्वी चिडलो असतो. आता तिने विचारलेलं बरं वाटतं.

विहिरीवरचा पंपही सोडवून भरला. वेढे मृणालीकडून मोजून घेतले. ती मोठ्याने मोजते, मी तार फिरवतो. मोजताना ती मध्येच भाजीवाल्याशी बोलते आणि तरीही आकडा चुकत नाही. बाईमाणसाचं डोकं काय असतं!

एक सांगायचं राहिलं. फोनवर तू म्हणालास, "तू मुद्दाम केलंस असं मी समजलो, माझ्या जिभेला हाड नाही." असं पुन्हा बोलू नको. गंगालाही सांग, माझ्याबद्दल कुणी वाईट बोललं असेल तर त्याची माफी मागत बसू नये. मला नको ती.

का नको ते विचारू नको.

दादा


१२ ऑक्टोबर २०२५

सदू,

काल तपासणीला गेलो होतो. पाच शब्दांतले दोन आठवले. "समई" आणि "बैल". बाकीचे तीन बाईंनी नंतर सांगितले तरी ते मी कधी ऐकले होते असं वाटेना.

नंतर बाईंनी विचारलं, "काका, जुनं कितपत आठवतं?" मी त्यांना गाऱ्हाणं म्हणून दाखवलं. तिथेच, दवाखान्यात. "बा नवलाई, पावणाई, बारा वहिवाटीच्या म्हाराजा..." इथून सुरू करून एकवीसही घरं. बाहेर बसलेल्या दोन बायकांनी आतून आवाज येतोय बघून हात जोडले. बाई म्हणाल्या, "असं लहानपणापासून घोकलेलं फार शेवटपर्यंत टिकतं. आज जे ऐकता ते आधी जातं."

मग मी त्यांना विचारलं, "बाई, त्या फोटोत एक दिसतं का? एखादी गोष्ट माणूस विसरला, की त्याने ती मुद्दाम सोडली?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "नाही काका. ते फोटोत दिसत नाही."

"मग कुठे दिसतं?"

"ते ज्याचं त्यालाच ठाऊक," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

१५ ऑक्टोबर

इथवर लिहून तीन दिवस कागद गादीखाली ठेवला होता. आज सकाळी हाताला लागला तेव्हा हा कसला कागद म्हणून उघडला. वाचल्यावर कळलं की आता थांबून चालणार नाही. एक दिवस मी हा असाच उघडीन आणि पुढे काय लिहायचं होतं ते मला कळणारच नाही.

सदू, मी विसरलो नव्हतो.

आईला मी बांधायचो, हे तू डोळ्यांनी बघितलंस. तीनदा ती वहाळापर्यंत गेली होती. एकदा कमरेएवढ्या पाण्यात उभी सापडली. तुझी वहिनी आधीच गेलेली, गुरुप्रसाद बाहेर, आणि दुकान उघडल्याशिवाय चूल पेटणार नव्हती. म्हणून तिच्याच जुन्या लुगड्याने पाय खांबाला बांधायचो. घट्ट नाही. एकवीसच्या दिवाळीत तू न कळवता आलास आणि भर अंगणात, सगळी वाडी फराळाला जमलेली, तू ओरडलास, "कुत्र्याला बांधतात तसं आईला बांधलंस!" तेव्हा आपण तिला भगताकडे नेत होतो, अंगारा लावत होतो. तिच्या डोक्यात कुणी वाकून बघितलं नव्हतं. ती मुद्दाम छळते असं मला वाटायचं.

पण तुझ्या त्या बोलण्याने मी तसा पेटलो नव्हतो. लोकांना तेच कारण वाटलं, आणि मी वाटू दिलं. खरं कारण मी तुझ्या वहिनीच्या फोटोलाही सांगितलेलं नाही.

आई मला सदू म्हणायची.

सकाळी तिची चादर बदलायची, नहाणीत बसवून अंग धुवायचं, पेज भरवायची. आणि ती माझ्या गालावरून हात फिरवून म्हणायची, "सदू, दमलास रे बाबू. तो भिकाजी खय असतो? कदी इचारीत पण नाय." दीड वर्ष. मी सांगायचो, आई, मीच भिकाजी. ती अंग आकसून घ्यायची. म्हणायची, "नाय. भिकाजी वरडतो."

वरडायचो मी खरा.

आणि दिवाळीत तू दारात उभा राहिलास तेव्हा ती एका क्षणात म्हणाली, "माझा सदू आयलो." वर्षातून दोनदा येणाऱ्याला तिने ओळखलं. मी तिच्या पायाची गाठ सोडत होतो. तिने माझा हात झटकला.

शिमग्याला सहाणेवर उभा राहिलो तेव्हा तुझं नाव माझ्या जिभेच्या टोकावर होतं. ते मी गिळलं. तिने माझं नाव टाकलं, मी तुझं टाकलं. इतकं साधं आणि इतकं घाणेरडं आहे ते.

ऑगस्टात मी तुला जे लिहिलं, त्यात आजार खरा होता. बाकीचं तू समजून घेतलंस आणि मी घेऊ दिलं. तू माझी माफी मागितलीस आणि मी "असू दे रे" म्हणालो. शिमग्याच्या पापापेक्षा मला त्याची लाज जास्त वाटते.

पत्र मी स्वतः पोस्टात टाकतोय.

भिकाजी


३० नोव्हेंबर २०२५
रत्नागिरी

सदू,

मी शिव्यांची वाट बघत होतो. तुझा फोन आला, आणि तू लहान पोराशी बोलावं तसा बोललास. "दादा, मनाला लावून घेऊ नको. औषध वेळेवर घे. असं काही झालेलं नाही." वर मला विचारलंस, आज वार कोणता!

रविवार. तेव्हाही सांगितला होता.

मला नंतर कळलं. माझं पत्र मिळाल्यावर तू मृणालीला फोन केलास आणि तिने तुला समजावलं. तिने कपटाने केलं नाही. तिला वाटलं, भाऊ भाऊ जवळ येतायत, त्यात बाबांचं डोकं काहीतरी उकरून काढतंय. मी तिला विचारलं तर सरळ म्हणाली.

"बाबा, डॉक्टर म्हणाल्या होत्या ना, पुढे पुढे आठवणींची सरमिसळ होते? न घडलेलं घडल्यासारखं वाटतं. तुम्ही उगाच स्वतःला दोष देताय."

"मृणाली, तू या घरात तेवीस साली आलीस. बावीस सालचं तुला काय ठाऊक?"

"आणि तुम्हाला काल सकाळचं ठाऊक नाही!"

बोलून गेली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. रडली पोर. मीच तिला पाणी दिलं. काल सकाळी काय झालं होतं ते मात्र मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. फक्त पुढच्या दाराला वरच्या बाजूला, माझा हात सहज पोचणार नाही अशी, नवीन कडी लागलीय.

वाडीतही तसंच आहे. मी मानकऱ्यांकडे गेलो. म्हटलं, मी देवीसमोर मुद्दाम घर सोडलं, मला दंड करा, नारळ फोडायला लावा, काय रीत असेल ती करा. ते म्हणाले, "भिकाजी, बस. चाय घे." चहा घेतला. निघताना त्यांच्यातला एक जण माझा हात धरून पायरी उतरवायला आला. पूर्वी याच माणसाने माझ्याशी बांधावरून तीन वर्षं भांडण चालवलं होतं.

सदू, गेल्या वर्षीपर्यंत मी खोटं बोललो तरी लोक खरं मानत होते. आता खरं बोलतोय तर पाठीवर हात फिरवतात.

तू तरी फिरवू नको.

दादा


२१ डिसेंबर २०२५

सदू,

पंधरा दिवस डोकं लावून बसलो होतो, तुला पटवायचं कसं. आज सापडलं. सापडल्याबरोबर लिहायला बसलोय, पेज निवते तर निवू दे.

गाऱ्हाणं बाबांनी मला तोंडी दिलं, ते कागदावर कधीच नव्हतं. त्याचा ठेका तुझ्या कानात असेलच. तीन घरांची नावं घ्यायची, थांबायचं, लोक म्हणतात "व्हय म्हाराजा". पुन्हा तीन. एकवीस घरांचे सात व्हय. लोक नावं ऐकत नाहीत. व्हय कधी द्यायचा तेवढंच ऐकतात, आणि आपलं घर आलं की नारळ पुढे करतात.

आता तूच विचार कर. माणूस एक घर विसरला तर काय होईल? वीस होतील. शेवटच्या व्हयला दोनच घरं येतील. लोक तिसऱ्याची वाट बघत राहतील, कुणी आधीच व्हय म्हणेल, कुणी नंतर, सगळा विचका होईल. विसरणारा अडखळतो. त्या दिवशी काही अडखळलं का? सातच्या सात व्हय नीट पडले. पालखी उठली तेव्हा तुझ्याशिवाय कुणाला काही कळलंसुद्धा नाही.

कारण मी तुझ्या जागी दुसरं घर घातलं होतं. गोविंदाचं.

तेच, वडाखालचं, ज्याचं छप्पर आपल्या लहानपणी बसलं. वंश बुडाला म्हणून बाबांनीच ते गाऱ्हाण्यातून काढलं होतं. मी ते परत उचललं आणि तुझ्या नावाच्या जागी ठेवलं. तीन दिवस दुकानात मोटार भरताना घोकत होतो, जीभ वळावी म्हणून. ज्या घरात माणूस नाही त्याच्या मुलाबाळांचं रक्षण कर म्हणून मी देवीला सांगितलं, आणि तू समोर नारळ घेऊन उभा.

हे विसरण्याचं काम आहे का, सांग.

ऐकून एकट्या म्हाताऱ्या सोनूबाईने मान वर केली होती. ती गेल्या वर्षी वारली, नाहीतर साक्षीला तिला उभी केली असती.

पण निलेश आहे. तोच, रिक्षावाला. दर वर्षी पालखीचं शूटिंग करतो, जुनी सगळी कॉम्प्युटरवर ठेवलीत त्याने. त्याला म्हटलं, बावीस सालचं सदूला पाठव, कशाला ते विचारू नको. तो म्हणाला, "काका, मृणाली वहिनींना सांगू का?" म्हटलं, तुझी रिक्षा बंद पडली की तिला सांगतोस की मला?

पाठवतो म्हणालाय. चौथ्या व्हयच्या आधी ऐक. हेडफोन लावून ऐक, ढोल फार आहे.

दादा


२५ जानेवारी २०२६

सदू,

निलेशने पाठवलं का? तो म्हणतो पाठवलं. मग परत म्हणतो, "काका, सांगितलं ना तुमाला." किती वेळा विचारलं असेल मी?

तुझं उत्तर नाही. की आलं आणि माझ्या लक्षात नाही? मृणालीला विचारलं, नाही म्हणाली. तिच्यावर विश्वास ठेवतो, दुसरा इलाज नाही.

दुकान बंद केलं. शेवटची मोटार अर्धी भरलेली तशीच बाकावर आहे. तुझ्या घरातले दिवे लागतात. स्वयंपाकघरातला स्विच उलटा बसलाय, खाली केला की लागतो. सोडवून सरळ करायला गेलो आणि आत कुठली तार कुठली ते कळेना. मुकाट्याने झाकण लावून आलो.

यंदा शिमग्याला गाऱ्हाणं कागदावरून वाचायचं ठरलंय. मानकऱ्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. एकवीस घरं लिहिली. दहावं घर, सदाशिव, पाणंदीकडचा. तीनदा तपासलं.

ऐक ते शूटिंग. एवढं एक कर.

दादा


१६ फेब्रुवारी २०२६
रत्नागिरी

सदू,

काल तुझा फोन झाला. आज सकाळी उठलो तेव्हा पहिला तोच आठवला, म्हणजे शाबूत आहे. तरी कागदावर उतरवून ठेवतो, जसा झाला तसा. पुढे मला कुणी सांगायला नको, की असं झालंच नव्हतं.

तू म्हणालास, "ऐकलं."

मी विचारलं, "किती वेळा?"

"चार. गोविंदाचं घर आहे त्यात."

"आहे."

मागे गंगा भांडी लावत होती, तिचा आवाज येत होता. मग तू म्हणालास, "दादा, त्या पडक्या घरात कुत्रं पण जात नाय."

"ठाऊक आहे."

"देवीसमोर. बाबांनी गाऱ्हाणं दिलेलं तोंड तुझं."

"व्हय."

"हलकट आहेस तू," म्हणालास आणि फोन ठेवलास.

मृणालीने माझा चेहरा बघितला. "काय झालं बाबा? काका ओरडले का?" मी म्हटलं, "हो." ती तुला फोन लावायला निघाली, तिचा हात धरून बसवलं. म्हटलं, दोन भावांतलं आहे, तू मध्ये पडू नको. आणि सदू, मी पोटभर जेवलो. चार महिन्यांत माझ्याशी कुणी माणसासारखं बोललं नव्हतं.

तपासणीचं तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं, तूही करून घे म्हणून. आता आग्रह धरत नाही. तुझं तू ठरव. मला आधी कळलं म्हणून हे सगळं सांगायला वेळ मिळाला. आणि आधी कळलं म्हणूनच कुणी ऐकून घेईना. डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं कुणास ठाऊक.

शिमग्याला येणार होतास. आता येणार नाहीस, हे मला फोन ठेवला तेव्हाच कळलं. पुढे कधीतरी मात्र येशील. मी तुला ओळखेनासा झालो असं मृणालीने कळवलं की तुझ्याच्याने राहवणार नाही. तू लहानपणी मेलेल्या कोंबडीलासुद्धा पुरायचास. तू येशील, खाटेशी बसशील, माझ्या तोंडात पेज घालशील, आणि तुझा राग विरघळेल. तेव्हाच्या म्हाताऱ्याला माफ करणं सोपं असेल. त्याने काही केलेलंच नसेल. त्याला गोविंद ठाऊक नसेल, पाणंद ठाऊक नसेल, तू कोण तेही ठाऊक नसेल.

ती माफी मला पोचायची नाही, सदू. ती दुसऱ्याच कुणाला जाईल.

म्हणून आत्ता ये. मी तुला घर सजवून ठेवलंय म्हणून नको, देवीसाठीही नको. भांडायला ये. नारळ आणू नको, मृणालीसाठी खाऊ आणू नको, माझी तब्येत विचारू नको. अंगणात माणसं असतील अशा वेळी ये, दिवाळीला उभा राहिला होतास तसा उभा राहा, आणि जे पोटात ठेवलंयस ते माझ्या तोंडावर बोल. आईचंही बोल. मी मध्ये तोंड घालणार नाही. मृणालीला मी आधीच आत पाठवीन.

उशीर करू नको. अजून मला झोंबतं.

दादा